तूट सारखी, मुदत वेगळी

ऑगस्ट कोरडा गेला की आठवडी बाजारात दोन भाव एकमेकांकडे पाठ करून चालू लागतात. कडब्याचा शेकडा चढतो आणि बैलजोडी उतरते. बैल दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण खातो. जोडीची वर्षाची गरज पावणेपाच टनांच्या आसपास जाते. ज्याच्या गंजीत गेल्या सालची वैरण शिल्लक आहे, तो जोडी दावणीला ठेवून वाट बघतो. ज्याची गंजी दिवाळीआधीच संपली, तो जोडी बाजारात आणतो, आणि त्या दिवशी सगळे विकायलाच आलेले असतात. पुढच्या जूनमध्ये तो घ्यायला जाईल तेव्हा सगळे घ्यायलाच आलेले असतील. या दोन दिवसांच्या भावांतला फरक हा त्याच्या दुष्काळाचा खर्च. तलाठ्याच्या पंचनाम्यात त्याला रकाना नाही.

दोघांच्याही रानात पाऊस सारखाच कमी पडला होता. तूट एक, मुदत वेगळी. दुष्काळात माणसं जे जे विकत घेतात, टँकर, बोअर, शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, उसाचं वाढं (शेंड्याची हिरवी पानं), ती सगळी एका अर्थी मुदतच असते: अजून पंधरा दिवस, अजून महिना, मृगापर्यंत. सधन मुलखाला ही मुदत रोखीनं मिळते. गरीब मुलूख तिच्यासाठी बैल विकतो, डोरलं गहाण टाकतो, नाहीतर पुढचे सहा महिने आगाऊ विकून टाकतो.

सहा महिने विकणं ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीचे मजूर मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतात ती हीच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल साधारण दसऱ्याच्या आधी घ्यायची आणि ऊस तोडून टनावर फेडायची. पाऊस बरा असला तर घरातलं एखादं जोडपं मागं राहून ज्वारी-हरभरा बघतं. पाऊस गेला की तेही निघतं, आणि पोरं म्हाताऱ्यांकडे राहतात किंवा शाळा सोडून फडावर जातात. राज्याच्या पीकक्षेत्रात चार-पाच टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी घेतो. म्हणजे पाण्याअभावी गाव सोडलेला माणूस राज्यातलं सर्वात जास्त पाणी पिणाऱ्या पिकाच्या कडेला कोपी घालून राहतो. ऊस लावणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे, पण ज्याचा भाव आधी ठरलेला असतो आणि ज्याचं गिऱ्हाईक गाडी घेऊन बांधावर येतं, असं दुसरं पीक त्याला कुणी दाखवलेलं नाही. तुरीला हे भाग्य नाही.

श्रीमंत आणि गरीब मुलूख शोधायला खंड ओलांडावे लागत नाहीत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर येतो. कराडकडे कारखान्यांची धुराडी आणि माणमध्ये चारा छावण्या, हे चित्र एकाच कलेक्टर कचेरीच्या हद्दीतलं आहे.

आता दुष्काळ ठरतो कसा, ते बघण्यासारखं आहे. पूर्वीची आणेवारी म्हणजे आजची पैसेवारी, नेहमीचं पीक शंभर पैसे धरून यंदाच्या पिकाचा अंदाज: आधी नजर, मग सुधारित, मग अंतिम. पीक पन्नास पैशांच्या खाली आलं तर गाव टंचाईत. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट आणि खंड आधी बघतात, मग उपग्रहातून दिसणारी पिकाची हिरवाई, जमिनीतला ओलावा आणि भूजल, आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष शेतात जाऊन पडताळणी. खरिपासाठी घोषणेची मुदत ३० ऑक्टोबर. महाराष्ट्रानं २०१८ साली १५१ तालुके आणि २०२३ साली ४० तालुके जाहीर केले, दोन्ही वेळा ३१ ऑक्टोबरच्या सुमारास. पद्धत पूर्वीपेक्षा नेमकी झाली हे मान्य. पण मूग-उडीद ऑगस्टच्या खंडातच गेलेला असतो आणि बैल सप्टेंबरच्या बाजारात.

घोषणेबरोबर येणाऱ्या सवलतींची यादी नीट वाचली की ती कुणासाठी लिहिली आहे ते कळतं. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पंपाची वीज न तोडणं, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे निकष सैल, गरज तिथं टँकर. पहिल्या पाच सवलतींसाठी जमीन, सोसायटीचं कर्ज किंवा पंप असावा लागतो. सावकाराचं कर्ज पुनर्गठित होत नाही. भूमिहीन मजुराच्या वाट्याला यादीचा तळ येतो.

नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं भांडण याच काळात पेटतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानं समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. त्याखाली १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचा हिशेब मांडला जातो. २०२३ मध्ये हा आकडा ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) निघाला. आकडा निघणं आणि पाणी पोचणं यांत मात्र बरीच नदी आहे. आधी वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नाहीतर प्रत्येक बंधारा आपलं पोट भरून मगच पुढं सोडतो. दोन्ही काठांवरच्या पंपांची वीज तोडावी लागते. कोरडं पात्र सुरुवातीचं पाणी पिऊन टाकतं. म्हणून विसर्ग थोडाथोडा, रेंगाळत सोडला तर तूट वाढते, आणि एकदम मोठ्यानं सोडला तर कमी होते. शिवाय निर्णय कोर्टकचेऱ्यांत अडकून नोव्हेंबरच्या शेवटाला गेला की मराठवाड्यातली रब्बीची पेरणी उरकलेली असते किंवा राहून गेलेली असते. वरच्या अंगाला फक्त वेळ काढायचा असतो. पुन्हा मुदतच.

गावपातळीवर टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून अशा तीन टप्प्यांचा असतो. त्यात टँकर सर्वात शेवटी येतो. त्याआधी हातपंपांची आणि नळयोजनेची दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना, विहिरीचा गाळ काढणं आणि खाजगी विहिरीचं अधिग्रहण. अधिग्रहणात विहीरमालकाला मोबदला मिळतो. वाईट काही नाही, फक्त एवढंच की ज्याच्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी असतं तो बहुधा गावातला गरीब नसतो.

टँकरचा ग्रामीण निकष माणशी दिवसाला २० लिटर. दहा-बारा हजार लिटरचा टँकर येतो आणि बऱ्याच ठिकाणी तो गावच्या कोरड्या विहिरीतच ओततात. बेसॉल्टच्या भेगांतून त्यातलं काही लगेच निघून जातं, उरलेलं तळाच्या गाळात मिसळतं. विहिरीत ओतायचंच असेल तर हिशेब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर आले. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) या मापानं १४० ग्रॅम पावडर लागते. ती थेट टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून दहा-पंधरा मिनिटं निवळू द्यायची, आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीनं विहिरीत सोडून पाणी ढवळायचं. अर्धा-एक तास थांबून मगच उपसा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) या तपासणी-द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन उरलाय.

चुका ठरलेल्या. उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन (मुळात ३३ टक्के) महिन्याभरात बराच उडून जातो, आणि मग माप बरोबर असूनही हगवणीची साथ येते. किंवा शिपाई अंदाजानं मूठभर जास्त टाकतो, पाण्याला वास येतो आणि लोक ते पाणी जनावरांना ठेवून प्यायला जारचं पाणी विकत आणतात. ज्यांना परवडत नाही ते शिवारातल्या कुठल्या तरी डबक्यावर जातात. त्यापेक्षा ओट्यावर पाच हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि त्यांना चार-सहा तोट्या हे बरं. पाणी मुरत नाही, औषधाचं माप चुकत नाही, आणि विहिरीच्या काठावर रेटारेटी होऊन कुणी आत पडत नाही.

हा २० लिटरचा आकडा लक्षात ठेवून केपटाउनकडे बघावं. २०१५ ते २०१७ असे तीन हिवाळे दक्षिण आफ्रिकेच्या त्या टोकाला पाऊस कमी पडला. धरणांचा साठा १३.५ टक्क्यांवर आला की नळ बंद करायचे, असं शहरानं ठरवलं. त्या दिवसाला ‘डे झीरो’ म्हटलं आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरची मर्यादा आली. आणि तो भयंकर दिवस उगवलाच असता तर? सुमारे २०० केंद्रांवर रांगा लावून माणशी २५ लिटर देणार होते. जगानं ज्याचा धसका घेतला, तो आकडा आपल्याकडच्या टँकरच्या सरकारी निकषापेक्षा पाच लिटरनं जास्त होता.

केपटाउननं केलं ते मात्र शिकण्यासारखं आहे, कारण त्यांनी मुदत आधी मोजली. तारीख जाहीर केली: आधी एप्रिल, मग मे, जून, जुलै, अशी ती लांबत गेली. जलवाहिन्यांचा दाब कमी केला, जास्त वापराला चढे दर लावले, मर्यादेबाहेर वापर करणाऱ्या घरांना प्रवाह रोखणारी यंत्रं बसवली, आणि कुठलं घर मर्यादेत आहे हे दाखवणारा नकाशाही खुला केला. २०१५ च्या उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर असलेला वापर ५० कोटींच्या आसपास आला. फेब्रुवारीत डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या एका संघानं आपल्या खाजगी धरणांतलं एक हजार कोटी लिटर पाणी शहराला सोडलं. शेतीच्या पाण्यात साधारण ६० टक्के कपात झाली होती, आणि द्राक्ष-सफरचंदांच्या बागांवरच्या हंगामी मजुरांचं काम गेलं. सधन वस्त्यांनी अंगणात बोअर मारले. झोपडवस्त्यांतली माणसं वर्षानुवर्षं सार्वजनिक तोटीवर रांग लावतच होती. त्यांच्यासाठी ‘डे झीरो’ कॅलेंडरवर वेगळा काढून दाखवायची गरज नव्हती.

त्याआधी दोन वर्षं, २०१६ च्या मार्चमध्ये, लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण तळाला गेलं होतं. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुतलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला आणल्या, कृष्णेचं पाणी भरलं आणि १२ एप्रिलला पहिली जलदूत गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी आली, म्हणजे २५ लाख लिटर. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात धरली तर एका फेरीत माणशी सहा लिटर होतात. अर्धी बादलीसुद्धा भरत नाही. गाडीनं हिंमत दिली, पिण्यापुरता आधार दिला. पण आंघोळ, धुणी, भांडी, संडास यांचं पाणी शहर खाजगी टँकरवाल्यांकडून घेत होतं, आणि ते टँकर आसपासच्या गावांतल्या बोअरवर भरत होते. आगगाडीचं पाणी वर्तमानपत्रांत आलं. खेड्यांतून शहराकडे गेलेलं पाणी कुठं मोजलं गेलं नाही.

सधन प्रदेशातही गरीब कोपरे असतातच. २०१२ ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियात दुष्काळ होता. बदामाच्या बागायतदारांनी हजार-हजार फूट खोल विहिरी पाडल्या. ईस्ट पोर्टरव्हिल नावाच्या, शेतमजुरांच्या वस्तीतल्या घरगुती उथळ विहिरी आटल्या. दारात टाक्या ठेवून त्या टँकरनं भरायची वेळ आली. फरक एवढाच की पुढच्या दोन-तीन वर्षांत ती घरं शेजारच्या शहराच्या नळयोजनेला जोडली गेली. आपल्याकडे टँकरचं गाव पुढच्या दुष्काळातही टँकरचंच गाव असतं.

उथळ विहीर आधी आटते, हा नियम दख्खनच्या खडकात जास्तच कडक आहे. इथलं पाणी वरच्या कुजलेल्या, मऊ मांजऱ्या खडकात, सांध्यांत आणि दोन थरांमधल्या लाल गेरूच्या पट्ट्यात असतं. खाली अखंड काळा पाषाण. तरी मशीन सातशे-आठशे फुटांपर्यंत चालवतात, कारण पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवलेली असते आणि तामिळनाडूहून आलेल्या गाडीला फुटावर पैसे मिळतात, पाणी लागो वा फुफाटा उडो. राज्याच्या भूजल कायद्यानं २०० फुटांखाली बोअर पाडायला मनाई आहे. रात्री शिवारात उभं राहिलं की त्या मनाईचा आवाज ऐकू येतो. खोल बोअरला पाणी लागलं तरी ते बहुतेकदा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणाऱ्या सांध्यातलंच असतं. एकाची मुदत वाढली ती दुसऱ्याची कापून.

शेततळ्याचंही असंच. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, एकास एक उतार दिला तर २२ लाख लिटर मावतात. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात साठवलं तर उत्तम. पण पाचशे मायक्रॉनचा कागद अंथरून ते बोअरनं भरतात, तेव्हा जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी उचलून एकाच्या नावावर उन्हात ठेवलेलं असतं. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर भरल्या तळ्यातून रोज सात हजार लिटर उडतं. गावाला दिवसाआड टँकर आणि तळ्यावरून रोज पाऊण टँकर हवेत, असा हिशेब लागतो. हिवरे बाजारनं याच्या उलट रस्ता धरला: शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. यात कुणाचीही एकट्याची मुदत वाढत नाही, म्हणूनच ते इतर गावांना अवघड जातं.

छावणीत मात्र मुदत थेट जनावराच्या पोटातून मोजता येते. मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा-अठरा किलो ओला चारा धरतात, आणि तो बहुधा ऊस किंवा वाढंच असतं. वाढ्यात ऑक्झालेट असतं. ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. पंधरा दिवसांत दूध घटतं, महिन्याभरात गाभण गाय उठेनाशी होते. म्हणून वाढ्याची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, खनिज मिश्रण द्यायचं आणि निम्मी तरी कोरडी वैरण मिसळायची. पाण्याच्या ताणावर खुरटलेली कोवळी ज्वारी तर घालायचीच नाही. किराळ (तिच्यातलं सायनाइडचं विष) लागून जनावर तासाभरात जातं. निकृष्ट कडबा किंवा भुसकट असेल तर शंभर किलोला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबत जायचं आणि कागदानं हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचं. युरियाचे खडे राहिले तर विषबाधा होते, कागदाला भोक राहिलं तर बुरशी धरते. सहा महिन्यांखालच्या वासराला हे घालू नये, आणि काढल्यावर तासभर पसरून वास उडू द्यावा. हा एकवीस दिवसांचा अवधी ज्याला हाताशी आहे त्यानं बैल अजून विकलेला नाही, हेही त्यात आलं.

छावणीत शिरण्याआधी लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्यावी लागते, नाहीतर शेकडो जनावरांत एक आजारी पुरतं. २०१९ साली सुरुवातीला शेतकऱ्यामागं पाच जनावरांची मर्यादा होती. घरातलं एक माणूस रात्रंदिवस तिथं राहतं. शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या धनगराला मोठ्या जनावरांसाठी आखलेली ही रचना उपयोगी नाही, आणि ज्याच्याकडे जनावरच नाही त्याला तर छावणी नुसती रस्त्यावरून दिसते.

त्याच्यासाठी काय, या प्रश्नाला महाराष्ट्रानं एकदा जगाला दाखवावं असं उत्तर दिलं होतं. १९७२ चा दुष्काळ अन्नाचा होता. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (मदतीचा कोरडा खाऊ) हे शब्द ज्यांच्या घरात अजून आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या पाच कोटी. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. मुरूम कठीण लागला की माप भरायचं नाही, मुकादम हजेरीत नावं घुसडायचा, हे सगळं झालं. पण आठवड्याची मजुरी हातात यायची, आणि जवळच काम असल्यामुळं अनेकांना बैल विकून शहराकडे निघावं लागलं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. इथिओपियानं २००५ मध्ये सुरू केलेला कामाच्या बदल्यात धान्य-पैसे देणारा कार्यक्रम याच जातकुळीतला. २०११ मध्ये शिंगाच्या आकाराच्या त्या आफ्रिकी पट्ट्यात केनिया, इथिओपिया, सोमालिया तिन्हींकडे पाऊस चुकला. दुष्काळाचा भूकबळींत शेवट झाला तो सोमालियात, जिथं युद्ध होतं, मदतीच्या वाटा अडवलेल्या होत्या आणि असं काही उभंच नव्हतं. तिथं सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, निम्मी पाच वर्षांखालची मुलं.

पाऊस आला की छावणी उठते. शासनाच्या लेखी दुष्काळ त्या आठवड्यात संपतो, पण माळावरचं गवत जनावराच्या तोंडाला यायला तीन-चार आठवडे लागतात आणि त्या मधल्या दिवसांची वैरण कुणाच्याच खात्यात नसते. पहिल्या दमदार पावसानंतर काळ्या रानाला वाफसा येतो तो तीन-चार दिवस टिकतो. आधी पेरलं तर बी चिखलात कुजतं, नंतर पेरलं तर उगवण विरळ होते. ज्याची जोडी दावणीला आहे तो पहाटे तिफण धरतो. ज्यानं सप्टेंबरात जोडी विकली तो ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभा असतो. त्याच दिवशी तिथं अख्खं गाव उभं असतं, आणि ट्रॅक्टर आधी रोखीवाल्याच्या रानात जातो.